डावीकडचा दांडा

कंडक्टरनं माझी मान धरली नव्हती. खांद्याला नुसती बोटं लावली होती, तीही 'साहेब, तिकीट' एवढं म्हणण्यापुरती; पण मी गर्रकन वळलो आणि त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. आवाज असा झाला की क्षणभर मलाच वाटलं, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कुणाला तरी मारली. सातपूरहून सुटलेली बस, रात्रपाळी करून परतणारे लोक, डबे, पिशव्या, आणि मध्ये मी, हात अजून वरच. मग एकदम कालवा झाला. 'उतरवा साल्याला', 'सकाळी सकाळी टाकून आलाय', 'चांगला शिकलेला दिसतो आणि बघा'. एका आडव्या गड्यानं माझी कॉलर धरली, आणि ती धरताच माझ्या बरगड्या आपोआप आत गेल्या, गुडघे वाकले, डोकं छातीत गेलं. दसऱ्याच्या दिवशी शरीर हे सगळं शिकलं होतं आणि आता मला न विचारताच म्हणून दाखवत होतं. कंडक्टर उतारवयाचा होता. त्यानं पडलेली टोपी उचलली, झटकली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्या गड्याला म्हणाला, 'सोड रे त्याला.' मग मला म्हणाला, 'घरात कुणी गेलंय का?' मी म्हटलं, 'नाही.' 'मग?' 'मागून हात लावू नका,' मी म्हटलं. 'बरं, पुढून लावतो. घ्या तिकीट,' तो म्हणाला, तशी बस हसली. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी अजून एक ठेवून द्यावीशी वाटली, दोन्ही अगदी खरोखर, आणि यातलं काहीच न करता मी सीबीएस स्टँडपर्यंत उभा राहिलो.

सीबीएसवरून मला सायखेड्याची गाडी धरायची होती. सायखेड्याला मी माफी मागायला चाललो होतो. चिमाजी पाटलांच्या खळ्यात, चार माणसांदेखत, त्यांच्या सुनेवर हात टाकल्याबद्दल. नाही मागितली तर चिमाजी पाटील मशीन परत पाठवणार, त्यांच्या मागोमाग सगळा निफाड तालुका पाठवणार, आणि मालकांनी मला सरळच सांगितलं होतं, 'पगारे, मशीन परत आली तर तिच्याबरोबर तुम्हीही बाहेर.' माझ्या पिशवीत डबा नव्हता. एक लोखंडी पट्टी होती, एक आडवा गज, नट-बोल्ट आणि ते आवळायचे दोन पाने. हे मालकांना माहीत नव्हतं. माफीच्या बदल्यात मला त्या मशीनचा दांडा उजवीकडून काढून डावीकडे बसवायचा होता. एवढं केलं की मग हवी तेवढी नाकं घासायला मी तयार होतो. निदान बसमध्ये बसेपर्यंत तसं वाटत होतं. गाडीनं द्वारका चौक ओलांडला आणि मी समोरून येणाऱ्या परतीच्या गाड्या मोजायला लागलो.

प्रॉडक्ट मॅनेजर. माझ्या टेबलावर तशी पाटी आहे. सातपुरात तेव्हा हा हुद्दा कुणाच्या गावीही नव्हता. मालक मुंबईला कसल्याशा व्याख्यानाला गेले आणि हा शब्द घेऊन परत आले. मी ड्रॉइंगमध्ये होतो, गावोगाव हिंडायची मला सवय होती, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील सावळीराम, पहिल्या दिवशीच म्हणाले होते, 'यंत्र तू बनवत नाहीस, विकत नाहीस, मोडलं तर दुरुस्तही करत नाहीस. मग पगार कशाचा घेतोस?' त्याचं उत्तर मला आता सुचतं. शिव्यांचा घेतो. लग्नात नवरीच्या मामाचं असतं ना, मांडव त्यानं घातलेला नाही, आचारी त्यानं आणलेला नाही, पण भात करपला की सगळे त्याच्याकडेच बघतात, तसं. तुझ्या हाताखाली एक माणूस नाही, आणि चूक कुणाचीही होवो, ती तुझी. वर्कशॉपवाले म्हणणार, साचा बदलता येत नाही. विक्रीवाले म्हणणार, गिऱ्हाईकानं मागितलंय का? मालक म्हणणार, दिवाळीनंतर बघू. आणि तू या तिघांच्या मधे दात विचकत उभा. इतकी वर्षं दात विचकले की मनगटात काहीतरी साचत जातं. ते कंडक्टरच्या गालावर निघालं, बिचाऱ्याच्या.

आमचं मशीन म्हणजे कडबा कुट्टीचं, सुरभी मॉडेल, विजेवर चालणारं. पुढे चारा घालायचा पत्र्याचा घसरता खोका, मग दातेरी रूळ दोन, ते चारा आत ओढतात, आणि मागे मोठं चाक, त्याला पाती. बाजूला दांडा: पुढे केला की रूळ ओढतात, मधे आणला की थांबतात, मागे केला की आतलं बाहेर टाकतात. हा दांडा उजवीकडे. का उजवीकडे? तर ज्या परदेशी मशीनवरून आम्ही नक्कल केली त्यात तो उजवीकडे होता. तिथं एक गडी बाजूला उभा राहून लांब काट्यानं गवत टाकतो, जाडजूड बूट घालून. त्या चित्रात बाई नव्हतीच. आमच्याकडे चारा घालतं कोण? मी खळ्याखळ्यांत बाजेवर बसून पाहिलंय. पुरुष सांगणार, 'आम्ही घालतो की', आणि चहा प्यायला निघून जाणार. मग घरातली सून येणार, कमरेशी डाव्या हातात पेंढी धरणार आणि उजव्या हातानं रेटणार. गिऱ्हाईक तोंडानं एक बोलतं आणि हातानं दुसरं करतं. तोंडाकडे बघूच नये, हाताकडे बघावं. हे मला कुठल्या व्याख्यानात कळलं नाही. आणि एकदा हे पाहिलं की पुढचं आपोआप दिसतं: उजवा हात आत अडकला तर उजवीकडचा दांडा ओढायचा कुणी? घरी मी लताला, माझ्या बायकोला, दाराशी उभं केलं, तिचा उजवा पंजा दार आणि चौकटीच्या फटीत दाबून धरला आणि म्हटलं, आता डाव्या हातानं उजवीकडची कडी काढ. तिनं अंग पिळवटलं, हात पोहोचेना. मी दार अजून दाबलं. 'अहो, सोडा, दुखतंय!' ती ओरडली. मी सोडलं नाही. म्हटलं, पोहोचतोय का सांग आधी. तात्या बाहेरून आले आणि त्यांनी मला दंडाला धरून बाजूला फेकलं, तेव्हा कुठे मी भानावर आलो. लता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण हात पोहोचत नाही हे मला पक्कं कळलं होतं, आणि ते मी टाइप करून मालक, विक्री आणि वर्कशॉप, तिघांच्याही टेबलावर ठेवलं, आणि तिघांनीही ते वाचून चहा मागवला.

त्यात झुंबरशेठ. झुंबरशेठ म्हणजे त्या बाजूचा आमचा डीलर, गोड बोलून समोरच्याच्या डोक्यावरचा फेटा काढून त्यालाच विकेल असा. आपल्याकडे नवं जातं घरात आलं की पहिला घास सवाशिणीच्या हातानं घालतात, हळद-कुंकू लावून. झुंबरशेठनं ठरवलं, मशीन म्हणजे पण जातंच. मग काय, मशीनला हार, नारळ, आणि घरची लक्ष्मी हिरव्या बांगड्या भरून पहिला घास घालणार, सगळं गाव बघणार. मालकांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या डीलरांना लावून दिली. मी म्हटलं, चारा रेटायला आपण लाकडी दांडकं देतो, ते वापरायला लावा. झुंबरशेठ हसला. खरं उत्तर मला दसऱ्याच्या दिवशी चिमाजी पाटलांच्या बायकोनं, गोजराबाईंनी दिलं. मी त्यांच्या सुनेच्या हातात दांडकं द्यायला गेलो तर म्हणाल्या, 'आता गं बया! देवाला घास काय काठीनं भरवत्यात व्हय?' सगळे हसले. मीही हसलो. हसायलाच हवं होतं, मी कंपनीचा माणूस.

सून म्हणजे मैना. वीस-बावीसची असेल, नऊवारी, डोक्यावरून पदर, मनगटापासून वरपर्यंत हिरवा चुडा. चारा म्हणून उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, आणलेलं, हिरवंगार, ताजं, ओलं. वाळका कडबा शुभ दिसत नाही म्हणून. वाळका कडबा कटकन तुटतो, ओलं वाढं तुटत नाही, वेटोळं घालतं. हे मला माहीत होतं, झुंबरशेठला माहीत होतं, पण झुंबरशेठ वाजंत्र्यांना खुणा करत होता. तिचा नवरा भिका भिंतीवरच्या बटणाशी. मशीन सुरू झालं. तिनं उजव्या हातानं वाढं पुढं केलं, रुळांनी ते घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला दिसलं की वाढ्याचं एक लांब पान तिच्या बांगड्यांत अडकलंय आणि हात त्याच्यामागे चाललाय. तिलाही दिसलं होतं. तिचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, की वाजंत्र्यांत बुडाला, कोण जाणे. ती माझ्या आणि दांड्याच्या मधे उभी. मी डावीकडे. दांड्याकडे जायला मला तिच्या मागून वळसा घालावा लागला असता. मी दोन्ही मुठी एकत्र केल्या आणि तिच्या मनगटावर हाणल्या, लाकूड फोडतात तशा, आणि दुसऱ्याच क्षणी खांद्यानं तिला धडक देऊन पाडलं. चुडा फुटला. हिरव्या काचा मशीनवर, तिच्या पदरात, माझ्या हातात घुसलेल्या. रूळ ते पान आत घेऊन गेले आणि पात्यांनी कापून टाकलं, कट कट, काहीच झालं नाही असं.

वाजंत्री थांबली. मग गोजराबाई किंचाळल्या, 'माझं लेकरू जितं असताना हिचा चुडा फोडला वो!' दसऱ्याच्या दिवशी, नव्या मशीनपुढं, भरल्या गावात सवाशिणीच्या बांगड्या फुटल्या. आणि फोडल्या कुणी, तर सावळ्याच्या पोरानं. मागून कुणीतरी आमच्या वस्तीचं जुनं नाव घेऊन ओरडलं. भिका पहिला आला. त्यानं मागून मान धरली आणि तोंड मशीनच्या पत्र्यावर आपटलं. नाकातून काहीतरी गरम ओठांवर आलं. मग किती हात होते देव जाणे. वहाणा, काठ्या, कुणाचं तरी गुडघ्याचं हाड माझ्या बरगडीत पुन्हा पुन्हा. मी ओरडत होतो, 'हात गेला असता, हात गेला असता,' पण तोंडात माती होती आणि ते शब्द मलाच धड ऐकू येत नव्हते. खाली पडल्या पडल्या पायांच्या मधून मला मैना दिसली. तिनं उजवा हात पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. माणसाला मारताना कुणी पाहतं ना, तसं नाही, वेगळंच. झुंबरशेठनं मला जीपमध्ये कोंबलं, आणि नाशिक येईपर्यंत तो एकच वाक्य म्हणत होता, 'पगारेसाहेब, धंद्याची पार आई-माई केलीत तुम्ही.'

आणि पुरावा काय? हाच तर सगळा घोळ. हात तुटला असता तर मालकांनी दांडा दुसऱ्या दिवशी डावीकडे नेला असता, शॉपवाल्यांना साचा सापडला असता, सगळ्यांनी हळहळून मान हलवली असती. पण हात तुटला नाही. जे घडलं नाही ते दाखवायचं कसं? मालक टाचणी टोचल्यासारखं विचारत होते, 'म्हणजे पगारे, अपघात झाला नाही. बरोबर? मशीननं कुणाला इजा केली नाही. इजा तुम्ही केलीत.' मला त्यांच्या टेबलावरची काच उचलून त्यांच्या कपाळात घालावीशी वाटली. घातलीही, मनात, अनेकदा, आणि दर वेळी रक्त वेगळ्या बाजूनं ओघळलं. तोंडानं म्हटलं, 'दांडा डावीकडे घेऊ सर.' ते म्हणाले, 'आधी माफी मागून या. दांड्याचं दिवाळीनंतर.' दिवाळीपर्यंत जिल्हाभर हे मशीन जाणार होतं, प्रत्येक दारात हार, नारळ आणि एक हिरव्या बांगड्यांचा हात.

तात्यांना मी आदल्या रात्री जेवताना सांगितलं. सायखेडं त्यांचं गाव. तरणेपणी त्यांनी ते सोडलं ते पाटलाच्या खळ्यावर जोहार घालायला नकार दिल्यावर. त्याबद्दल पडलेल्या माराची खूण पाठीवर अजून आहे, ती आम्ही लहानपणी हात लावून बघायचो. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ नको, नोकरी गेली खड्ड्यात. ते भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, 'बाई खरंच पडली का?' 'पडली.' 'लागलं तिला?' 'काचा लागल्या.' 'मग बाईची माफी माग. तिच्या पायावर डोकं ठेव, त्यात काही जात नाही. पाटलाच्या पायावर ठेवलंस तर या घरात येऊ नको.' मी म्हटलं, 'आणि पाटलानं अडवलं तर?' तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'तुझ्या पगाराचं काम तू बघ,' म्हणाले.

चांदोरी मागे पडली, पुलावरून गोदावरीचा मातकट वास आत आला, आणि मी सायखेड्याला उतरलो तेव्हा बरगड्या डॉक्टरच्या पट्टीखाली ठणकत होत्या. खळ्यात माणसं जमलेलीच होती, तमाशा बघायला जमतात तशी. झुंबरशेठ नवं धोतर नेसून आलेला. मशीन एका कोपऱ्यात, त्यावर दसऱ्याचा सुकलेला हार. शेजारी जुनं हातानं फिरवायचं कुट्टीचं चाक, त्याची मूठ घासून गुळगुळीत झालेली. चिमाजी पाटील बाजेवर बसले होते, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. ते मला म्हणाले, 'सावळ्याचा ना रे तू?' 'सावळीराम पगाऱ्यांचा,' मी म्हटलं. त्यांचा एक डोळा बारीक झाला. 'बरं. शिकलास, सायेब झालास, चांगलं हाय. पन बाईवर हात टाकायचं कोन्त्या कालेजात शिकवलं?' लोक हसले. भिका हसला नाही; तो भिंतीला टेकून उभा होता आणि मुठी उघडझाप करत होता. माझ्याही मुठी तेच करत होत्या. मी म्हटलं, 'अण्णा, मी ताईंची माफी मागायला आलोय.' 'माझी न्हाई?' 'हात त्यांच्यावर पडला. माफी त्यांची.' झुंबरशेठनं कपाळावर हात मारला. चिमाजी पाटलांनी बाजेशेजारच्या हुक्क्याचा एक झुरका घेतला. मग आत बघून ओरडले, 'मैने! भायेर ये.'

ती आली. पदर नाकापर्यंत. डाव्या हातात नवा चुडा, उजव्यातही, पण उजव्या हाताचं मधलं बोट फडक्यात गुंडाळलेलं. मी वाकलो, बरगडीतून कळ डोक्यात गेली, मी तिच्या पायावर डोकं टेकलं आणि म्हटलं, 'ताई, चुकलं नसेल तरी लागलं. माफ करा.' हे माझं वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं आणि ते तसंच बाहेर पडलं याचं मलाच आश्चर्य वाटलं. उठताना ते बोट माझ्या डोळ्यांसमोर आलं. फडक्याच्या कडेला वाळलेलं काळं रक्त. काचा मनगटावर फुटल्या होत्या, बोटाच्या टोकावर नव्हे. मी तिथंच गुडघ्यावर असताना मोठ्यानं विचारलं, 'हे मशीननं केलं ना? तुम्हाला ओढलं होतं ना?' चिमाजी पाटलांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. भिका भिंतीपासून सुटला. माझी नोकरी, माझा शब्द, त्या दिवशीचा मार, सगळं तिच्या त्या झाकलेल्या तोंडात होतं. एक शब्द, बाई, मी मनात म्हटलं, फक्त एक शब्द काढ.

'न्हाई,' ती म्हणाली. 'चुलीवर भाजलं.'

लोकांनी हुश्श केलं. झुंबरशेठनं टाळी वाजवली, 'झालं, मिटलं, देवाची कृपा!' चिमाजी पाटलांनी हात उचलून मला माफ केल्यासारखं केलं. माझ्या कानात नुसता गुंऽऽ आवाज होता. खोटारडी, मनात म्हटलं, तुझा हात वाचवला मी, माझ्या बरगड्या मोडून. मी पिशवी उचलली आणि मशीनकडे गेलो. कुणी विचारलं नाही, सगळ्यांना वाटलं कंपनीचा माणूस आहे, काहीतरी तपासतोय. मी दांड्याचे नट काढले, पट्टी लावली, गज आडवा सरकवला. पाना दोनदा घसरला आणि दुसऱ्यांदा नख फुटलं. लोक पानतंबाखूला पांगले. तेव्हा मैना चारा घ्यायच्या निमित्तानं जवळ आली आणि वाढ्याच्या ढिगाशी खाली बसून, तोंड तिकडे ठेवूनच बोलली, 'ओढलं व्हतं. नख गेलं समदं.' मी पाना फिरवत पुटपुटलो, 'मग बोलला का नाहीत? मला मारलं त्यांनी. आज तरी बोलायचं होतं.' 'बोलले असते तर मशीन गेली असती परत,' ती म्हणाली. 'तुमी गेला असता नाशकाला. हे चाक कोन फिरवतं? आत्याबाई? का मामंजी? पोटात होतं मागच्या साली, चाक फिरवून फिरवून पडलं. मशीन नेऊ नगा, दादा.' आणि तिनं पेंढी उचलली.

इतकी वर्षं गिऱ्हाईकाच्या हाताकडे बघायचं म्हणून मिरवत होतो, आणि त्या हातानं काय सोसलंय ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. राग होता तो तसाच राहिला, फक्त तो कुणावर आहे हे कळेना. मी म्हटलं, 'मशीन राहील. दांडा आता डावीकडे आहे. उजव्या हाताला काही वाटलं की डाव्यानं मागं ओढायचा, विचार करायचा नाही.' तिनं मान हलवली.

तेवढ्यात भिकाचं लक्ष गेलं. 'ए, काय करतो रे तिकडं?' तो आला, त्याच्या मागे चिमाजी पाटील, झुंबरशेठ, सगळे. मी सांगितलं, दांडा डाव्या बाजूला घेतलाय, असा जास्त चांगला. झुंबरशेठ ताडकन म्हणाला, 'कुणाला विचारून?' चिमाजी पाटील दांड्याकडे बघत म्हणाले, 'डाव्या हातानं? लक्ष्मीला डावा हात लावायचा? सनावारी हिला नैवेद्य दावतो आमी. परत जागेवर लाव पोरा.' मी म्हटलं, 'अण्णा, हात जाईल.' 'कुनाचा गेलाय? तिनं आत्ताच सांगितलं ना, काय झालं न्हाई म्हनून. लाव परत.' भिकानं माझ्या हातातला पाना हिसकावला, स्वतःच नटाला लावला आणि पीळ द्यायला वाकला. माझं शरीर पुन्हा तयार झालं, बरगड्या आत, डोकं खाली. मी त्या पान्यासाठी त्याच्या अंगावर जाणार होतो आणि मला माहीत होतं की या वेळी मी उठणार नाही.

'मामंजी, राहू द्या तिकडंच.'

कुणी बोललं ते आधी कुणाला कळलंच नाही. मैनेनं पदर मागे सारला होता. सासऱ्यासमोर, गावासमोर, तोंड उघडं. 'ओढलं व्हतं मला,' ती म्हणाली, आणि फडकं सोडून ते बोट वर धरलं. टोकाला नख नव्हतं, नुसतं लाल मांस. 'यांनी हानलं नसतं तर हात गेला असता. मशीन राहू द्या, अन् दांडा पन तिकडंच राहू द्या.' गोजराबाईंनी तोंडावर पदर दाबला. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्याकडे बघेल. कुणीच बघितलं नाही. भिका वळला आणि त्यानं तिच्या कानाखाली आवाज काढला. पाना हातात असतानाच, उलट्या हातानं. 'बापाफुडं तोंड वर करून बोलती?' ती दोन पावलं मागे गेली, हात मशीनच्या पत्र्यावर आपटला, पण पडली नाही. नव्या चुड्यातल्या बांगड्या खळकन फुटून खाली सांडल्या. माझ्यासाठी वहाणा उचलणाऱ्या त्या सगळ्या गावात या वेळी एक माणूस जागचा हलला नाही; चिमाजी पाटलांनी फक्त दुसरीकडे बघितलं, आणि झुंबरशेठ उपरण्यानं घाम पुसायला लागला. मी भिकाच्या मनगटाला झोंबलो, त्यानं मला झटकलं, पाना मातीत पडला. कुणीच तो उचलला नाही.

मैना गालावर हात न लावता तशीच पुढे आली. ढिगातून तिनं ओलं वाढं उचललं, उजव्या हातानं खोक्यात धरलं आणि डावा हात दांड्यावर ठेवला.

'चालू करा,' ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मी बटण दाबलं.